मागच्या क्रॉसचा आवाज

माघ संपत आला की नाशिकला द्वारकेच्या चौकात द्राक्षांच्या हातगाड्या उभ्या राहतात. विकणारे घडांवर पाणी शिंपडत असतात आणि रिक्षातून जाणारी माणसं माना वळवून बघतात. मीही थांबते, अर्धा किलो घेते. पण घरी येऊन पहिला मणी तोंडात टाकला की मला द्राक्षाच्या आधी ग्रीसचा वास येतो. नाकाची ही खोड आता या वयात जायची नाही. माझ्या मनात जे सगळ्यात वाईट उगवलं, ते याच हंगामात उगवलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. द्वारकेवरून आग्रा रोडला लागलं की थोड्या अंतरावर डाव्या हाताला बाभळी होत्या, आणि बाभळींच्या सावलीत आमच्या बाबांचं गॅरेज. गॅरेज म्हणजे चार लोखंडी खांब, वर पत्रा, गाडीखाली उतरून काम करायला जमिनीत खणलेला खड्डा, आणि मागच्या भिंतीला लागून आमचं दोन खोल्यांचं घर. बाबा पूर्वी देवळालीच्या छावणीत गाड्यांचे फिटर होते. ती नोकरी सुटल्यावर त्यांनी ज्या गाड्या हाताला ओळखीच्या होत्या त्याच दुरुस्त करायच्या ठरवल्या. मिलिटरीने लिलावात काढलेल्या जुन्या जाडजूड गाड्या. लोक त्यांना 'डिस्पोजल' म्हणायचे. कुणी त्यावर पाण्याची टाकी बसवी, कुणी लाकडी सांगाडा चढवून तिची बस करी, कुणी वाळू आणि द्राक्षं वाही. हिरव्या रंगाचा पापुद्रा खरवडला की खाली खाकी रंग, त्याखाली आणखी एक हिरवा. कितीतरी गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे होतं. नटांचे आटे असे परके की बाजारातला पाना बसत नसे. बाबांनी स्वतः घासून घासून अठरा पाने तयार केले होते. ते जाड कॅनव्हासच्या पट्टीत ओळीने खोचलेले असत आणि पट्टी गुंडाळून खिळ्याला टांगलेली असे.

मी आणि ताई, आम्ही दोघीच. भाऊ नाही. ताई, म्हणजे विमल, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आई तिला घरात वळण लावत होती तेव्हा बाबांनी मला गॅरेजमध्ये ओढलं. ते लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचे आणि मूठ माझ्या कानाला लावायचे.

"काय ऐकू येतं?"

"खडे वाजल्यासारखं."

"कुठे? इथे की इथे?"

मी दाखवायचे. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. वर्षानुवर्षं इंजिनांशेजारी उभं राहून बाबांचा स्वतःचा कान बसत चालला होता, हे मला फार उशिरा समजलं. ते माझ्या कानाने ऐकत होते. मी मॅट्रिक झाले, शिकवण्या घेऊ लागले, तरी रोज दुपारी खड्ड्यात उतरत होते. क्लचची प्लेट मी बदलत असे. ब्रेकचे लायनर मी बसवत असे. ट्रकवाले सुरुवातीला हसायचे, मग हसायचे थांबले. बाबा म्हणायचे, "माझ्यानंतर हिलाच कळतं." हे वाक्य मी माझ्या मनात एखाद्या दागिन्यासारखं जपून ठेवलं होतं. रोज काढून बघायचे.

मग दाजी आले.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. सैन्यात गाड्यांच्या दुरुस्तीवर होते. मुदत संपवून परत आले आणि ताईला घेऊन आमच्याच शेजारच्या खोलीत राहू लागले. उंच, सावळे, कमी बोलणारे. पहिल्या दिवशी गॅरेजमध्ये आले तेव्हा त्यांनी कुणाला न विचारता एक ताडपत्री अंथरली आणि त्यावर हत्यारं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत मांडली. काम करताना शीळ घालायचे. शीळ थांबली की समजायचं, दोष सापडला. त्यांचा हात इतका हलका होता की गंजलेला नटही त्यांच्या हातात चरचर न करता सुटायचा. मला तो नट फोडायला हातोडी लागायची.

ते वाईट असते तर किती बरं झालं असतं. आळशी असते, पिणारे असते, ताईवर हात उचलणारे असते, तर माझ्या रागाला बसायला एक जागा मिळाली असती. पण तसं काही नव्हतं. ते मला "शोभा, जरा तो दोन नंबरचा पाना दे" असं नावाने आणि नीट म्हणायचे. मी पाना द्यायचे, आणि हातात पाना देताना मला वाटायचं, या माणसाच्या हातून आज काहीतरी तुटू दे.

हेवा आणि मत्सर यांत मी फरक करते. मुलांना व्याकरण शिकवून शिकवून मला ती सवय लागली. हेवा वाटतो तेव्हा दुसऱ्याचं आपल्यालाही हवं असतं. मत्सर वाटतो तेव्हा ते दुसऱ्याकडे असलेलं नको असतं. त्या वर्षी मी हेव्यातून मत्सरात कधी उतरले, ते मला नेमकं सांगता येतं. पौष पौर्णिमेचा दिवस होता. आम्ही सगळे विहारातून वंदना करून आलो. बाबांनी गॅरेजच्या खिळ्यावरची ती कॅनव्हासची पट्टी काढली, दोन्ही हातांत धरली आणि दाजींपुढे केली.

"जावईबापू, हे आता तुमच्याकडे राहू द्या."

दाजी म्हणाले, "बाबा, असू द्या की तिथेच. सगळेच वापरतात."

"नाही, नाही. हत्यार एकाच्या नावावर असावं."

मी दारात उभी होते. ताईचा चेहरा आनंदाने फुलून आला होता. मी तिच्याकडे बघून हसले. इतकं कष्टाचं हसू मी त्यानंतर क्वचितच हसले असेन.

त्याच महिन्यात मला स्थळं यायला लागली. एक दिवस मी गाडीखाली होते, आणि आडगावकडचे कुणी पाहुणे आवारात आले. बाबांनी खड्ड्यात वाकून हळूच म्हटलं, "शोभा, हात धुऊन आत जा. गाडीचं जावईबापू बघतील. हाताला काळं दिसलेलं बरं नाही." मी वर आले. रॉकेलने हात धुतले, मग साबणाने धुतले. नखांच्या कडांतलं काळं निघत नव्हतं. ते स्थळ नंतर बारगळलं, पण मला गॅरेजमध्ये पुन्हा कुणी बोलावलं नाही. मी चहा नेऊ लागले. कपबशांचा ट्रे घेऊन त्या ताडपत्रीपाशी जायचं आणि परत यायचं. बाबा दाजींना विचारायचे, "काय वाटतं तुम्हाला?" तोच प्रश्न, तोच स्वर, फक्त आता तो माझ्याकडे वळत नव्हता.

ताईचाही मला राग यायचा. ती ओट्याशी पोळ्या लाटताना मधूनच थांबून म्हणायची, "बघ ना, शीळ थांबली. आता सापडलं असेल ह्यांना." मला वाटायचं, तुला काय कळतंय त्यातलं? ती शीळ तुझी आहे, पण तो शांत झालेला क्षण माझा होता, तो यांनी घेतला.

फाल्गुन लागला. द्राक्षांची काढणी उतरणीला आली. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडची माणसं कामाला आलेली असतात, त्यांना होळीला घरी जायचं असतं. होळीला गावी नाही असा डोंगरातला माणूस विरळा. हरसूलचा लक्ष्मण गावित त्याचा डिस्पोजल ट्रक घेऊन आमच्याकडे आला. हंगामभर त्याने द्राक्षांच्या पेट्या वाहिल्या होत्या, आता माणसं घेऊन परत जायचं होतं. गाडी चालताना खालून दणके मारत होती.

"दाजी, लय हादरं देतीय," तो म्हणाला. "माझी मान्सं रस्त्यावर बसलीत गठुडी घेऊन. व्हळीच्या आत घरी न्यायची हायेत."

दोष सोपा होता. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब लोखंडी दांडा असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना सांध्यासारखे लोखंडी क्रॉस असतात, आणि क्रॉसच्या चारही टोकांवर वाट्या. वाटीच्या आत बारीक पोलादी सुया गोल रचलेल्या असतात, त्यांच्यावर सांधा फिरतो. लक्ष्मणच्या गाडीचे दोन्ही क्रॉस खलास झाले होते. नवे मिळणं शक्य नव्हतं. बाबांनी मालेगावच्या भंगारबाजारातून दोन जुने आणवले. दाजींनी दिवसभर बसून ते धुतले, सुया एकेक करून ग्रीसमध्ये चिकटवल्या, वाट्या ठोकल्या आणि शाफ्ट चढवला. लक्ष्मण दर तासाला येऊन खड्ड्यात डोकावत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी गाडी आवारात फिरवून बघितली. दोन फेऱ्या. मी चहाचा ट्रे घेऊन बाभळीपाशी उभी होते. गाडी माझ्यासमोरून हळू गेली, आणि मागच्या चाकांच्या थोडं पुढून मला तो आवाज आला. कोरड्या बिजागरीसारखा. चिर्रक्, चिर्रक्. मग गिअर बदलताना खालून एक बारीक टक्. दाजी इंजिनाच्या घरघरीत बसले होते, त्यांना तो येणं शक्य नव्हतं. बाबा माझ्या शेजारीच होते, त्यांना तो आता कधीच येणार नव्हता. मागच्या क्रॉसची एक वाटी नीट फिरत नव्हती. झिजलेली असेल, सुई पडली असेल, काही असेल. मला ते माझ्या नावाइतकं स्पष्ट कळलं होतं.

आणि मला आनंद झाला.

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली म्हणून ते दडवून लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, सापडली एकदाची यांची चूक. गाडी दहा-बारा मैल जाईल, दणके द्यायला लागेल, लक्ष्मण परत येईल, सगळ्यांसमोर म्हणेल, काम बरोबर नाही झालं. मग बाबा मला बोलावतील. यापलीकडे माझा विचार गेला नाही. घाटाचा विचार माझ्या मनात आला नाही असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण हरसूलच्या वाटेवर घाट आहे, हे नाशिकमध्ये कुणाला माहीत नसतं?

दाजी म्हणाले, "मी हरसूलपर्यंत बरोबर जातो. वाटेत एकदा खालून बघतो, आणि उद्याच्या गाडीने येतो."

ताईला तेव्हा दिवस गेले होते, चौथा महिना होता. ती पदराला हात पुसत बाहेर आली. रस्त्याकडेला बसलेली माणसं गठुडी, कोंबड्या, पोरं घेऊन ट्रकमध्ये चढत होती. ताईने मला बाजूला घेतलं.

"शोभा, तू ऐकलीस ना गाडी? ठीक आहे ना?"

सबंध घरात हा प्रश्न मला विचारणारी ती एकटीच उरली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दाजींनी केलीय. म्हणजे ठीकच असणार."

ती निवांत झाली. दाजी केबिनमध्ये चढले. ट्रक द्वारकेकडे वळला. मी ट्रे उचलून आत गेले.

दुपारी चारच्या सुमाराला त्र्यंबककडून येणाऱ्या एका ट्रकच्या ड्रायव्हरने निरोप आणला. गाडीला घाटात अपघात झाला होता, माणसं जिवंत होती, दाजींना नाशिकला दवाखान्यात आणत होते. एवढंच.

काय झालं ते नंतर लक्ष्मणने सांगितलं. उतार लागला, दोन वळणं गेली, आणि गाडीखाली कुणी घण घातल्यासारखा आवाज झाला. मागचा क्रॉस तुटून शाफ्ट खाली पडला आणि गरगरत आपटायला लागला. त्याने ब्रेकची नळी तोडली. ब्रेकवर पाय दाबला तो थेट फळीला. त्या जुन्या गाड्यांचा हँडब्रेकही चाकांवर नसे, शाफ्टवरच असे, आणि शाफ्ट तर सुटलेला. लक्ष्मणने गाडी दरीच्या उलट बाजूला, डोंगराच्या अंगाला घातली आणि घासत घासत नेली. गाडीचा वेग थोडा मोडला तसे दाजी लाकडाचा ठोकळा घेऊन खाली उडी मारून पळाले. पहिल्यांदा चाकाने ठोकळा उडवला. दुसऱ्यांदा त्यांनी तो हाताने धरून चाकाखाली सारला. गाडी थांबली. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं तिथेच राहिली. गाडीतल्या एका म्हातारीचं खांद्याचं हाड मोडलं, बाकीच्यांना खरचटलं.

दवाखान्यात लक्ष्मण भिंतीला टेकून बसला होता. दाजी शुद्धीवर होते. बाबा दिसताच म्हणाले, "बाबा, क्रॉस मीच बसवला होता. माझ्याकडूनच काहीतरी राहिलं."

लक्ष्मण म्हणाला, "मान्सं वाचली ना, दाजी. लोखंडाचं काय, लोखंडच हाय ते."

ताई दाजींच्या पायाशी उभी होती. रडत नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत काहीच संशय नव्हता. तिने माझा हात धरला. मी तिला तो धरू दिला. घरी येताना टांग्यात बाबा म्हणाले, "मी तुला आत पाठवायला नको होतं. तू असतीस तर तुला ऐकू आलं असतं." मी बाहेर बघत राहिले. ज्या वाक्यासाठी मी दोन महिने जळत होते ते वाक्य मला मिळालं होतं, आणि ते घेऊन मला कुठे तोंड लपवावं ते कळत नव्हतं.

होळी झाली. लक्ष्मणची गाडी ओढून आमच्या आवारात आणली. ती उभी करायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी पुन्हा खड्ड्यात उतरले. पाहुण्यांचा आणि काळ्या हातांचा विषय बाबांनी काढला नाही. दाजी हात गळ्यात बांधून उलट्या डब्यावर बसायचे आणि वरून सांगायचे. "सुया मोज. पुन्हा मोज. ग्रीस कमी लाव, नाहीतर खाली एखादी आडवी पडलेली दिसत नाही." ते फार चांगलं शिकवायचे. बाबांनी मला ऐकायला शिकवलं होतं, दाजींनी बोटांनी बघायला शिकवलं. आणि खड्ड्यातून वर बघताना मला त्यांची ती बांधलेली मूठ दिसायची.

कुणाला वाटेल की तिथे माझा मत्सर जळून गेला असेल. मलाही तसं वाटलं होतं. गाडी तयार झाली. लक्ष्मण आला, त्याने फेरी मारून बघितली आणि समाधानाने मान हलवली. बाबा सवयीने म्हणाले, "आमच्या जावईबापूंनी उभी केली पुन्हा."

दाजी डब्यावरून म्हणाले, "मी नुसता बसलो होतो, बाबा. केली शोभाने."

लक्ष्मणने माझ्याकडे वळून हात जोडले. आणि मी, जिच्यामुळे डब्यावरचा तो माणूस तीन बोटांना मुकला होता, ती मी त्याच्यावर पुन्हा जळले. आधी त्याच्या जागेवर जळत होते, आता त्याच्या चांगुलपणावर. जागा मिळवता येते. तसं मन कुठून आणायचं? मला एकदाही, एकाही माणसासमोर, त्याच्यासारखं सरळ वाक्य बोलता आलं नव्हतं.

पुढची दोन वर्षं मी बाबांबरोबर काम केलं. मग त्या गाड्याच कमी होत गेल्या. माझं शिक्षिकेचं शिक्षण झालं, लग्न झालं, नाशिकरोडच्या एका शाळेत नोकरी लागली. गॅरेजची जागा गेली. दाजींनी पंचवटीत गाडी चालवायला शिकवण्याचा वर्ग काढला. दोन बोटांच्या त्या हातानेच ते गिअर टाकून दाखवायचे. त्यांच्याकडे शिकलेली माणसं म्हणायची, ते आधी आठ दिवस नुसती गाडी ऐकायला लावतात.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बाबा गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि मी दाजींना त्यांच्या वर्गाच्या आवारात गाठलं. एका जुन्या गाडीचं बॉनेट उघडं होतं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. आवाज आला होता, कळलं होतं, ताईने विचारलं तेव्हा मी काय बोलले.

मग त्यांनी विचारलं, "कुठला होता? पुढचा की मागचा?"

"मागचा."

"मागचा." त्यांनी बॉनेटच्या कडेवर हात ठेवला. "मी इतकी वर्षं पुढच्याचा विचार करत होतो. पुढचा तुटून नंतर मागचा गेला असेल असं वाटायचं. पुढच्याची एक वाटी बसवताना मला शंका आली होती, आणि तरी मी ती ठोकली होती." मग म्हणाले, "म्हणजे पुढचा बरोबर बसला होता."

"दाजी, मला काहीतरी बोला."

"काय बोलू? तू सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं. मेहुणी चहा घेऊन उभी आहे आणि माझ्या कामातली चूक काढते आहे, हे मला तेव्हा चाललं नसतं. हे खरं आहे, तुझं मन राखायला म्हणत नाही. पण विमलने ऐकलं असतं. तिने मला चढू दिलं नसतं." मग त्यांनी बॉनेट लावलं. "तिला सांगू नकोस. ती तुझ्याशी बोलायची नाही, आणि मला जन्मभर दोघींच्या मधे बसावं लागेल."

मी सांगितलं नाही. घरी परतताना मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं ते असं, की या माणसाला एवढं ऐकूनही काहीतरी मिळालं. त्याचा पुढचा क्रॉस बरोबर निघाला. मला काय मिळालं?

दाजी जाऊन आता तीन वर्षं झाली. यंदा द्राक्षं बाजारात आली तेव्हा ताई माझ्याकडे राहायला आली. दुपारी आम्ही दोघी गॅलरीत बसलो होतो, मधे द्राक्षांची परात होती. ती एकेक मणी देठापासून तोडत होती. वय झालं की माणसं काहीही विषय कुठूनही काढतात. ती म्हणाली, "तुला माहीत आहे का, ह्यांना मुंबईला चांगली नोकरी मिळत होती. बाबांच्या गॅरेजमध्ये मीच आणलं त्यांना."

"तू?"

"मग काय. मला ते गॅरेज हवं होतं." ती मण्यांकडे बघतच बोलत होती. "बाबा नेहमी तुलाच हाक मारायचे. मी एकदा म्हटलं होतं, मलाही ऐकू द्या ना तो पेचकस कानाला लावून. तर म्हणाले, तू आईला मदत कर. मी पोळ्या लाटत भिंतीच्या अलीकडून तुमचं बोलणं ऐकायची. इथे की इथे, इथे की इथे. काय जीव जळायचा माझा, शोभा. म्हटलं, मला नाही तर नाही, माझ्या नवऱ्याला तरी मिळू दे. त्यांना ते पाने मिळाले त्या दिवशी मी किती खूश झाले होते. तुझ्या तोंडाकडे बघून आणखीच खूश झाले. वाईट होतं ते. म्हणून सांगते आता."

ती कबुली देऊन मोकळी झाली होती, आणि माझ्याकडून दोन शब्दांची वाट बघत होती. तिने गॅरेजच्या भिंतीपलीकडे काढलेली ती सगळी वर्षं माझ्यासमोर उभी राहिली. मी तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. शेवटी तिला दुसरं काही सांगण्यासारखं माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी तिला ते सांगितलं. बाभळीखालचा आवाज. मागचा क्रॉस. तिला दिलेलं उत्तर.

ती ऐकत राहिली. परातीतले हात थांबले होते. मला वाटलं, आता ती बोटांबद्दल बोलेल, त्या घाटाबद्दल, पोटातल्या मुलाबद्दल. मी त्या सगळ्याला तयार होते.

तिने विचारलं, "ह्यांना माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"बाबा गेले त्या साली मी त्यांना सांगितलं."

ती मनात हिशेब करत असावी. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे पस्तीस-छत्तीस वर्षं. जेवताना, पाहुण्यांत, माझ्या पोरांच्या लग्नांत. तुम्हा दोघांना माहीत होतं, आणि मला नाही."

"त्यांनीच सांगितलं होतं, सांगू नकोस म्हणून."

"सांगितलंच असणार," ती म्हणाली. "तुमचं गॅरेजमधलं होतं ते."

ती उठली, आत गेली आणि तिने खोलीचं दार ओढून घेतलं. मी बाहेर बसून राहिले. आतून कसलाही आवाज आला नाही. रडण्याचा नाही, हालचालीचा नाही. मी माझ्या बहिणीला ओळखत होते आणि मी स्वतःलाही ओळखत होते, म्हणून त्या बंद दारामागे काय चाललं आहे ते मला कळत होतं. ती आमच्या दोघांवर जळत होती. मी दार वाजवलं नाही.